पैसे देणारा राहतो कुठं, ते आधी सांगा
वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन वर्गणीची कमाई

मागच्या अंकात यूट्यूबच्या जाहिरातींवर लिहिलं होतं आणि शेवटी सहज विचारलं होतं की जाहिरातीवर भागत नसेल तर थेट वाचकाकडून, प्रेक्षकाकडून दर महिन्याला पैसे घ्यायचा प्रयत्न कोणी करून राहिलंय का. बरीच पत्रं आली, नागपुरातूनच जास्त, आणि निम्म्या पत्रांत एकच प्रश्न, ‘कोणता प्लॅटफॉर्म बेस्ट?’ याचं एका ओळीत उत्तर नाही. तुमचा पैसे देणारा माणूस मानेवाड्यात राहतो की न्यू जर्सीत, तो यूपीआयने देणार की क्रेडिट कार्डने, यावर अर्ध्याहून जास्त गोष्टी ठरतात आणि लोक नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं लिहितात. नावं छापत नाही, कारण बऱ्याच जणांच्या घरी अजून माहीत नाही.

प्रश्न : माझा सावजी आणि आपल्याकडच्या वऱ्हाडी पदार्थांचा यूट्यूब चॅनल आहे, साडेअकरा हजार सबस्क्रायबर आहेत. जाहिरातीचे महिन्याला दोन-अडीच हजार येतात, कधी तेवढेही नाही. भाचा म्हणतो मामी मेंबरशिप चालू कर. पण रेसिपी तर सगळीकडे फुकटच मिळते, पैसे कोण देईल?
— एक गृहिणी, महाल

उत्तर : काकू, भाचा बरोबर सांगून राहिला पण अर्धवट. आधी हिशोब बघू. यूट्यूबचे दोन टप्पे आहेत. ५०० सबस्क्रायबर, गेल्या ९० दिवसांत ३ व्हिडिओ, आणि वर्षभरात ३००० तास वॉच टाइम (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला ३० लाख व्ह्यूज) झाले की मेंबरशिप (प्रेक्षकाची दर महिन्याची वर्गणी), सुपर थँक्स (व्हिडिओ आवडला म्हणून दिलेले पैसे) वगैरे चालू करता येतं. जाहिरातीचा वाटा मिळायला मात्र १००० सबस्क्रायबर आणि ४००० तास लागतात. तुम्हाला जाहिरातीचे पैसे येतात म्हणजे तुम्ही दोन्ही पायऱ्या कधीच चढल्या, फक्त एक बटण दाबायचं राहिलंय.

मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचा ५५ टक्के वाटा तुमचा, शॉर्ट्सचा ४५ टक्के, आणि मेंबरशिपचा ७० टक्के. पण टक्क्यापेक्षा मोठा फरक दुसराच आहे. जाहिरातीचा दर जाहिरातदार ठरवतो, दिवाळीच्या आधी चढतो आणि जानेवारीत पडतो, आणि मराठी स्वयंपाकाच्या व्हिडिओला इंग्रजीतल्या शेअर मार्केटच्या व्हिडिओचा दर मिळत नाही, मग तुम्ही कितीही छान मटण करा. मेंबरशिपची किंमत तुम्ही ठरवता. समजा ५९ रुपयांची लेव्हल ठेवली. त्यात १८ टक्के जीएसटी धरला तर मूळ रक्कम ५० रुपये, त्याचे ७० टक्के म्हणजे ३५ रुपये तुमचे. १०० जण आले तर महिन्याचे साडेतीन हजार, म्हणजे आजच्या जाहिरातीपेक्षा जास्त, आणि १०० जण म्हणजे तुमच्या साडेअकरा हजारातला एक टक्कासुद्धा नाही. येतीलच असं मी म्हणत नाही हं. पण न येण्याने तुमचं काही जातही नाही.

आता रेसिपी फुकट मिळते हे खरं, म्हणून रेसिपी विकूच नका. रेसिपीचे व्हिडिओ आत्ता आहेत तसे सगळ्यांना मोकळे ठेवा, त्यावरूनच माणसं येतात. पैसे देणाऱ्याला तुमचा वेळ पाहिजे असतो. महिन्यातून एक लाइव्ह ठेवा फक्त मेंबरांसाठी, त्यात ‘माझा रस्सा काळा का होत नाही’, ‘दगडफूल किती’, ‘खसखस महाग झाली तर काय’ असल्या प्रश्नांना उत्तरं द्या. पंचवीस माणसांच्या कार्यक्रमाला मसाला ग्रॅममध्ये किती लागतो त्याचा कागद द्या, इतवारीच्या बाजारात काय बघून घ्यायचं ते दाखवा. आणि कृपा करून ‘आठवड्याला दोन लाइव्ह, रोज एक पोस्ट’ असलं आश्वासन पहिल्याच उत्साहात देऊ नका, मे महिन्यात ४५ डिग्रीला गॅससमोर उभं राहून ते पाळायचं तुम्हालाच आहे.

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक. गोंड राजे, नागपूरकर भोसले, जुनं नागपूर यावर दर आठवड्याला लिहून व्हॉट्सअॅपवर सहाशेएक जणांना पाठवतो. मुलगा अमेरिकेत आहे, तो म्हणाला बाबा सबस्टॅकवर टाका आणि पैसे घ्या. खातं उघडलं, लेखही टाकले, पण पैसे घेण्याची सोय चालूच होत नाही. मुलाच्या तिकडच्या खात्यावर घेऊ का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : सर, तुमचं काही चुकलं नाही. सबस्टॅक म्हणजे वाचकांना ईमेलने लेख पाठवायची वेबसाइट, २०१७ मध्ये सुरू झाली, लिहायला फुकट आहे, तुम्ही पैसे घ्यायला लागलात की ते १० टक्के ठेवतात. पण पैसे येतात ते स्ट्राइप नावाच्या पेमेंट कंपनीतून, आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवीन खाती सरसकट देणं बंद केलंय, ते ज्यांना बोलावतील त्यांनाच. म्हणून तुमचं बटण चालू होत नाही. यूट्यूबवर याचे दहा जुगाड सांगणारे व्हिडिओ आहेत, परदेशात कंपनी काढा वगैरे, ते तुमच्या कामाचे नाहीत.

मुलाच्या खात्यावर घेऊ नका. पैसे त्याच्या नावावर जमा झाले की ते उत्पन्न तिकडे त्याच्या नावावर दिसणार, कर तो भरणार, आणि नंतर ते तो तुम्हाला पाठवणार, म्हणजे वडिलांनी लिहिलं आणि हिशोब मुलाच्या गळ्यात. कशाला?

शिवाय मला सांगा, तुमचे सहाशे वाचक राहतात कुठं? माझा अंदाज, बहुतेक नागपूर, अमरावती, पुणे, थोडे बाहेर. हे लोक यूपीआयने पैसे देतात. मग परदेशी प्लॅटफॉर्मची गरजच काय? सबस्टॅक ठेवा, फुकटच्या लेखांसाठी ते छान आहे, आणि त्यावर जमा झालेले ईमेल पत्ते तुम्हाला फाइल म्हणून उतरवून घेता येतात, ही त्याची मला सगळ्यात आवडती गोष्ट, कारण उद्या दुकान बदललं तरी गिऱ्हाईक तुमच्यासोबत येतं. व्हॉट्सअॅपच्या यादीचं तसं नाही. पैसे मात्र भारतातल्या पेमेंट गेटवेवर घ्या, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून तुमच्या खात्यात टाकणारी कंपनी, रेझरपे किंवा तसलं काही. त्यांचा साधारण दर २ टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ६०० रुपयाच्या वर्गणीतून चौदा-पंधरा रुपये गेले. सबस्टॅकच्या १० टक्क्यात नुसते त्यांचेच ६० गेले असते, पेमेंटचा खर्च वेगळा. पैसे भरलेल्यांची मेल यादी वेगळी ठेवायची आणि खास अंक तेवढ्यांनाच. थोडं हाताने करावं लागेल, पण शे-दीडशे लोकांसाठी एक एक्सेल शीट पुरते.

आणि वर्गणी महिन्याची ठेवू नका, वर्षाची ठेवा. याचं कारण नीट सांगतो कारण बाकीच्या पत्रांनाही ते लागू आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कटणाऱ्या पैशासाठी ग्राहकाची आधी रीतसर नोंदणी लागते, प्रत्येक वेळी पैसे कापायच्या २४ तास आधी कळवावं लागतं, आणि १५ हजाराच्या वरची रक्कम असेल तर पुन्हा ओटीपी. ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर नियम चांगलाच आहे, नकळत पैसे कटणं थांबलं. पण बाहेरच्या कितीतरी वेबसाइटनी ही व्यवस्था केलीच नाही, त्यामुळे पहिल्या महिन्याला कार्ड चालतं आणि दुसऱ्याला फेल, माणूस बिचारा समजतो आपण भरलेत. यूपीआय ऑटोपे, म्हणजे यूपीआयवरून आपोआप पैसे कटायची सोय, २०२० पासून आहे, ते जास्त बरं चालतं, पण तुमच्या वयाच्या वाचकाला ‘दर महिन्याला आपोआप कटतील’ म्हटलं की तो फोन खाली ठेवतो. वर्षाची वर्गणी भरायची सवय मात्र मराठी वाचकाला जुनीच आहे, त्यात काही समजवावं लागत नाही.

पहिलं काम म्हणजे सहाशेपैकी ज्यांचे तुम्हाला उत्तरं येतात, फोन येतात, अशा तीस-चाळीस जणांना स्वतः फोन करून विचारा. गोंड राजा बख्त बुलंद शाहवरच्या लेखाला ‘वा वा’ लिहिणारा आणि त्यासाठी ६०० रुपये देणारा, ही दोन वेगळी माणसं असतात बऱ्याचदा.

प्रश्न : मी २४ वर्षांची फ्रीलान्स इलस्ट्रेटर आहे. इन्स्टावर माझे बरेच फॉलोअर बाहेरच्या देशातले आहेत. पेट्रिऑनवर पेज काढावं म्हणतेय, ५ डॉलर महिना. हातात किती येतात आणि टॅक्सचं काय? बाबा म्हणतात बाहेरचे पैसे खात्यात आले की नोटीस येते.
— एक चित्रकार, सदर

उत्तर : तुझं गणित वरच्या सरांच्या बरोब्बर उलटं आहे, तुझे पैसे देणारे बाहेर आहेत आणि कार्डवाले आहेत, म्हणून तुला पेट्रिऑन, म्हणजे चाहत्यांकडून दर महिन्याला पैसे घ्यायची ही वेबसाइट, जमतं. २०१३ मध्ये जॅक कॉन्टे नावाच्या एका संगीतकाराने सॅम यॅमसोबत ते काढलं, यूट्यूबवर लाखो व्ह्यूज येऊनही जाहिरातीतून हाती फारसं येईना म्हणून.

ऑगस्ट २०२५ पासून नवीन पेज काढणाऱ्याकडून ते १० टक्के घेतात. ५ डॉलरचे ५० सेंट तिथं गेले. त्यावर पेमेंटचा खर्च साधारण २.९ टक्के आणि ३० सेंट, म्हणजे अजून ४५ सेंट. चार डॉलरच्या आसपास उरले, मग ते पेपाल किंवा पेओनियर या परदेशातून पैसे पाठवणाऱ्या सेवांमधून तुझ्या बँकेत येताना डॉलरचे रुपये होतात तेव्हा बाजारभावापेक्षा कमी भाव मिळतो, तिथं अजून थोडे. बघितलंस का, यात तो ३० सेंटचा ठरलेला भाग आहे ना, तो छोट्या रकमेला फार लागतो. म्हणून ५ डॉलरचे दहा फॅन आणि १० डॉलरचे पाच फॅन यात तुझ्या हातात दुसऱ्याला जास्त येतं. एक ८-१० डॉलरची लेव्हल जरूर ठेव, त्यात ब्रशेसची फाइल, स्टेप बाय स्टेप प्रोसेस, लेयरवाली मूळ फाइल असं दे. चित्र बघायला लोक इन्स्टावर येतातच, शिकायला पैसे देतात.

दुसरं, आयफोनच्या अॅपमधून कोणी जॉइन झालं तर अॅपल ३० टक्क्यांपर्यंत आपला वाटा घेतं. म्हणून बायोमध्ये स्पष्ट लिही की ब्राउझरमधून जॉइन करा. हे लिहायला लाजू नको, फॅनलाही तेच स्वस्त पडू शकतं.

आणि भारतातल्या फॅनचं आधीच सांगून ठेवतो, पेपालने एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं बंद केलंय, आणि कार्डाचं वर लिहिलंच आहे. इथल्या लोकांसाठी वेगळी यूपीआय लिंक ठेव, प्रिंट विक, स्टिकर विक, त्यांना पेट्रिऑनवर ढकलू नको.

बाबांना सांग नोटीस पैसे आल्याने येत नाही, आलेले पैसे न दाखवल्याने येते. तू भारतात राहतेस म्हणजे जगातून कुठूनही आलेलं उत्पन्न इथं दाखवावं लागतं. पेट्रिऑनने कापून दिलेली रक्कम नाही तर फॅनने दिलेली पूर्ण रक्कम उत्पन्न, आणि त्यांची फी, टॅब्लेट, सॉफ्टवेअर, इंटरनेट हा खर्च, अशी वही ठेव. २०२५-२६ या वर्षासाठी नवीन करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो, पण ४ लाखाच्या वर उत्पन्न गेलं की रिटर्न भरावंच लागतं, कर शून्य म्हणजे रिटर्न माफ असं नाही, इथं बरीच पोरं गडबडतात. पेपाल किंवा बँकेकडून परदेशातून रक्कम आल्याचं सर्टिफिकेट मिळतं, एफआयआरए म्हणतात त्याला, ते दर महिन्याला उतरवून एका फोल्डरमध्ये टाक, सीएकडे जाशील तेव्हा तो तुला आशीर्वाद देईल. जीएसटी नोंदणी सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर. त्याची काळजी त्या वेळी करू, तोपर्यंत पार्टी तर दे.

अजून एक, न विचारलेलं. तुझ्या इन्स्टावर दुसऱ्यांच्या गाजलेल्या पात्रांची चित्रं बरीच असतील तर ती पैशाच्या भिंतीमागे टाकू नको. कौतुकाने काढणं वेगळं आणि त्याची वर्गणी घेणं वेगळं, कॉपीराइटवाल्याचं पत्र आलं की अख्खं पेज जातं.

प्रश्न : एमपीएससीच्या पोरांसाठी माझा टेलिग्रामवर पेड चॅनल आहे, १९९ रुपये महिना, तीनशेएक पोरं. पोरं यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवतात, मी अॅड करतो. दोन त्रास आहेत. एक, खोटे स्क्रीनशॉट. दोन, माझ्या नोट्स दुसऱ्या दिवशी फुकट ग्रुपवर फिरतात. काय करू?
— एक शिक्षक, सक्करदरा

उत्तर : सर, स्क्रीनशॉट बघून कोणालाच अॅड करू नका, कधीच. खोटा स्क्रीनशॉट करायला आता काही डोकं लागत नाही. एकतर बँकेच्या खात्यात यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, जुळवा, तो १२ आकडी असतो आणि तुमच्या स्टेटमेंटमध्ये दिसला तरच खरा. पण तीनशे पोरांसाठी दर महिन्याला हे करत बसलात तर शिकवणार कधी? गेटवेचं पेमेंट पेज घ्या, पैसे आले की त्या पोराला लिंक आपोआप जाते आणि मुदत संपली की तो आपोआप बाहेर, असं जोडून देणारे बॉट आणि सेवा आहेत. २ टक्के त्यात गेले तर जाऊ द्या. आणि वैयक्तिक सेव्हिंग खात्यावर दर महिन्याला तीनशे अनोळखी लोकांचे १९९ घेत राहिलात तर एखाद्या दिवशी कोणाच्या तरी तक्रारीने खातं गोठवलं जाऊ शकतं, सायबरच्या तक्रारीत असं होतं, ज्याने पैसे पाठवले त्याचेच पैसे फ्रॉडचे निघाले तर साखळीतल्या तुमच्या खात्यालाही ब्रेक लागतो. म्हणून चालू खातं वेगळं काढा.

नोट्स फिरण्याबद्दल. टेलिग्रामवर फॉरवर्ड आणि सेव्ह बंद करायची सेटिंग आहे, ती चालू करा, पीडीएफवर प्रत्येकाचा मोबाईल नंबर वॉटरमार्क करा, थोडा धाक बसतो. थांबत मात्र नाही. दुसऱ्या फोनने फोटो काढायला कोण अडवणार?

मला वाटतं तुम्ही चुकीची वस्तू विकून राहिलात. पीडीएफची कॉपी होते, तुमची होत नाही. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीये, पोरांना लिहायची सवय नाही आणि लिहिलेलं तपासून देणारा माणूस मिळत नाही. आठवड्याला एक उत्तर लिहून घ्या आणि लाल पेनाने तपासून परत द्या. त्या तपासलेल्या पानाचा फोटो दुसऱ्या ग्रुपवर गेला तर जाऊ द्या, उलटी तुमचीच जाहिरात. पोरं कमी घ्या, चाळीसच घ्या, पण १९९ च्या जागी ७९९ घ्या. तीनशे जणांचे साठ हजार दिसायला मोठे दिसतात पण त्यातले किती खरे भरतात ते तुम्हीच लिहिलंय. नोट्स सरळ फुकट करून टाका, त्या फिरू द्या, खाली तुमचं नाव आणि लिंक असू द्या म्हणजे झालं.

फी परत करायचा नियम मात्र आधीच लिहून ठेवा. परीक्षा पुढे ढकलली गेली की पोरं पैसे परत मागतात आणि आपल्याकडे परीक्षा कशा पुढे जातात ते तुम्हाला मी काय सांगावं.

प्रश्न : एका इन्स्टा पेजवर ‘३ महिन्यात १०००० पेड सबस्क्रायबर गॅरंटी’ असा १४९९९ चा कोर्स आहे. घेऊ का?
— एक वाचक, हिंगणा

उत्तर : नाही. ज्याला तीन महिन्यात दहा हजार पैसे देणारे आणता येतात तो कोर्स कायला विकेल.

प्रश्न : भाऊ, आमी दोघं दोस्त वऱ्हाडीत पॉडकास्ट करतो, गंमतीचा. लोकायनं लय उचलून धरला. १२० जनायनं मेंबरशिप घेतली, तीन महिन्यात ६५ च उरले. आमचं कंटेंट तर तसंच हाय. लोकं काऊन सोडून चालले?
— दोघं दोस्त, नंदनवन

उत्तर : भाऊ, पहिले हे पाहा की ते सोडून गेले की सुटून गेले. डॅशबोर्डमध्ये ‘कॅन्सल’ आणि ‘पेमेंट फेल’ वेगळं दिसतं. ज्याचं पेमेंट फेल झालं त्याला बऱ्याचदा माहीतच नसतं, कार्डाची मुदत संपली, बॅलन्स नव्हता, ऑटोपेचं अप्रूव्हल राहून गेलं. त्यायले एक मेसेज टाका, वऱ्हाडीतच टाका, ‘बाप्पा, तुमचे पैसे अटकले’ म्हणून, त्यातले बरेच परत येतात. पंचावन्न गेलेल्यांमध्ये असे कितीक आहेत हे आधी मोजा, मग टेन्शन घ्या.

जे खरंच सोडून गेले त्यांच्याबद्दल. सुरुवातीला जे येतात त्यातले काही तुमच्या प्रेमापोटी येतात, दोस्त, काका, कॉलेजचे, दोन महिने देतात आणि थांबतात. हे सगळीकडे होतं. ते मोजूच नका, चौथ्या महिन्यापासून जे उरलेत तीच तुमची खरी संख्या. ६५ म्हणजे वाईट नाहीत, यावर महिन्याचा बजेट बांधा.

पण तुमचा एक प्रॉब्लेम मला दिसला, तुम्ही लिहिलंत ‘कंटेंट तसंच हाय’. मेंबरांना काय जास्तीचं मिळतं? पत्रावरून तर एक दिवस आधी एपिसोड, एवढंच दिसतंय. गंमतीचा एपिसोड एक दिवस आधी ऐकायला कोणाला घाई असते? हे काही मॅचचा स्कोअर नाही. त्यापेक्षा त्यायलेच आत घ्या. त्यांच्या गावचे किस्से मागवा आणि नाव घेऊन वाचा, पुढचा विषय मेंबरांकडून ठरवून घ्या, वर्षातून एकदा बर्डीवर कुठं तरी बसून मेंबरांसोबत रेकॉर्डिंग करा, चहा त्यायचा. आपलं नाव आपल्या बोलीत, त्या आवाजात ऐकायला माणूस ९९ रुपये देतो, मी देईन.

वार्षिक लेव्हल काढा, दहा महिन्याच्या पैशात बारा महिने. आणि दोघांपैकी एकाची परीक्षा, लग्न, काही निघालं आणि एपिसोड होणार नसेल तर त्या महिन्याचे पैसे घेऊ नका. पेट्रिऑनसारख्या ठिकाणी महिन्यापुरतं बिलिंग थांबवायची सोयच आहे. आगाऊ सांगून थांबलात तर लोक थांबतात, न सांगता गायब झालात तर जातात. आणि दोघांत पैशाचा वाटा कागदावर लिहून घ्या, आत्ता, दोस्ती आहे तोपर्यंत.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. गणिताचा चॅनल काढून मेंबरशिप घेतली तर चालेल का? मित्र म्हणतो बायकोच्या नावावर काढ.
— एक शिक्षक, काटोल

उत्तर : गुरुजी, फुकट शिकवण्याचे व्हिडिओ आणि त्यावर पैसे घेणं यात सरकारी नोकराच्या बाबतीत मोठा फरक आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, जिल्हा परिषदेवाल्यांना त्यांचे वेगळे, पण गाभा एकच, परवानगीशिवाय खाजगी धंदा नाही. वरिष्ठांकडे लेखी अर्ज करा आणि उत्तर लेखीच घ्या, तोंडी ‘हो हो करा’ वर जाऊ नका, साहेब बदलतात.

बायकोच्या नावाचा जुगाड इथं सगळेच सांगतात. व्हिडिओत चेहरा तुमचा, आवाज तुमचा, शाळेच्या फळ्यावर अक्षर तुमचं, आणि चॅनल बायकोचा, हे चौकशीत कोण मानेल? आयकरातही दुसऱ्याच्या मेहनतीचं उत्पन्न बायकोच्या नावावर दाखवलं तर ते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जाऊ शकतं. वहिनींना स्वतःला काही शिकवायचं असेल, त्यांनी केलं, त्यांच्या नावावर, तर प्रश्नच नाही.

प्रश्न : चॅनल मॉनेटाइज झाला, पण पहिले पैसे कधी येणार कळत नाही. गूगलचं काही पत्र येणार म्हणतात ते आलं नाही.
— एक वाचक, उमरेड

उत्तर : गूगलच्या अॅडसेन्समध्ये, म्हणजे यूट्यूबचे पैसे जिथून मिळतात त्या खात्यात, १० डॉलर जमले की ते तुमच्या पत्त्यावर साध्या पोस्टाने एक पिन पाठवतात, यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तो टाकल्याशिवाय पैसे निघत नाहीत. नाही आला तर पुन्हा मागवता येतो, आणि चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती बंद होतात, तेवढं लक्षात ठेवा. एकूण १०० डॉलर झाले की त्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान सुटतात. बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, छोट्या शाखेत तो सांगत नाहीत कधीकधी, मुख्य शाखेला विचारा.

त्याआधी अॅडसेन्समध्येच अमेरिकेच्या टॅक्सचा फॉर्म भरा, डब्ल्यू-८बेन नावाचा, पॅन नंबर टाकून. भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर १५ टक्के कटतात, आणि उमरेडच्या चॅनलला अमेरिकेतून किती येणार. नाही भरला तर जगभरातल्या सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात.

पत्रासाठी पत्ता इंग्रजीत, घर नंबर, वॉर्ड आणि पिनकोडसकट लिहा, ‘हनुमान मंदिराजवळ’ एवढ्यावर येत नाही. आणि पोस्टमन काकांना सांगून ठेवा की पातळ पांढरं पाकीट आलं तर जाहिरातीचं समजून टाकू नका.